रिफ्लेक्टर लावले, आता ब्रेक कुठं आहेत ते सांगा

हंगाम सुरू झाला की दरवर्षी एक फोटो येतो. कारखान्याच्या गेटवर ट्रॅक्टर उभा, अध्यक्ष, कार्यकारी संचालक, परिवहन विभागाचे साहेब आणि पोलीस अधिकारी ट्रॉलीला लाल पट्टी चिकटवतायत. खाली ओळ : 'रस्ता सुरक्षेसाठी कारखान्याचा पुढाकार'. पट्टी लावली, चांगलं केलं. रात्री मागून येणारा दुचाकीवाला तिच्यामुळं वाचतो. पण त्या ट्रॉलीच्या पुढं जो आहे त्याचं काय? उतारावर पंचवीस टन अंगावर यायला लागले की पट्टी काय करणार?

प्रश्न उजेडाचा आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न वजनाचा आहे. ओढणारा किती वजनाचा आणि मागं बांधलेलं किती वजनाचं, हे गणित आपल्याकडं कुणी मांडतच नाही. ट्रॅक्टर 'ओढतोय ना?' एवढंच बघतात. अहो, ओढणं आणि थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओढायला इंजिन आणि गिअर लागतो. थांबवायला वजन, टायरची पकड आणि ब्रेक लागतात.

साधा हिशोब करू. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर साधारण सव्वादोन टनांचा. मागं दोन ट्रॉल्या, रिकाम्या मिळून चारेक टन. त्यात वीस टन ऊस. बेरीज पंचवीसच्या पुढं जाते. म्हणजे ओढणाऱ्याच्या दहापट वजन मागं. आणि बहुतेक ट्रॉल्यांना चालू ब्रेक नाही. सगळी गाडी थांबवायची ती ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी.

आता वीस फुटाला एक फूट असा उतार घ्या. आपल्या भागात असे उतार पावलोपावली आहेत, ओढ्याच्या पुलाला उतरणारा प्रत्येक रस्ता जवळपास तसाच. पंचवीस टन तिथं सव्वा टनाच्या जोरानं पुढं ढकलतात. त्यातलं काही टायर फिरण्यातच खर्च होतं, उरलेलं ट्रॅक्टरवर येतं. मागच्या चाकांवर भार दीड टनाच्या आसपास, आणि कोरड्या डांबरावर पकड मिळते त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. म्हणजे ड्रायव्हरला आहे तो वेग जेमतेम धरता येतो. थांबवायला हातात काही शिल्लक राहत नाही. त्यात रस्त्यावर चिखल, पाचट किंवा दव असलं की चाक लॉक होऊन घसरतं, मागची ट्रॉली पुढच्या ट्रॉलीला ढकलते, पुढची ट्रॅक्टरला आडवं करते. लोक म्हणतात 'ब्रेक फेल झाला'. ब्रेक फेल होत नाही हो, तो त्या वजनासाठी दिलेलाच नव्हता.

'हळू तर चालतंय' असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक हिशोब. पंचवीस टनांची गाडी ताशी २५ किलोमीटरनं चालली तरी तिच्यातला जोर सव्वा टनाच्या मोटारीच्या ताशी १०० किलोमीटरच्या जोरापेक्षा जास्त असतो. त्या मोटारीला चारी चाकांना ब्रेक आहेत.

चढावर उलटा प्रकार. मागचं ओझं इतकं ओढतं की ट्रॅक्टर पुढून हलका होतो, स्टेअरिंग लागत नाही. म्हणून पुढं लोखंडी वजनं लावायची, टायरमध्ये पाणी भरायचं, तरी नाही जमलं तर पुढं दुसरा ट्रॅक्टर साखळीनं जोडायचा. वजन जुळत नाही हे सगळ्यांना कळतंय, त्याशिवाय का हे उपाय निघाले?

बाहेर याचा विचार किती बारीक करतात बघा. ब्रिटनमध्ये ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर भरलेल्या ट्रेलरचं वजन ७५० किलोच्या वर किंवा ओढणाऱ्या मोटारीच्या निम्म्या वजनाच्या वर जाता कामा नये, यातलं जे कमी ते. म्हणजे तिथं एक घोडा न्यायचा म्हटलं तरी ट्रेलरला ब्रेक पाहिजे. कारण घोडा आणि ट्रेलर मिळून ७५० किलोत बसतच नाहीत. तिथं एका घोड्यासाठी जो नियम, तो इथं वीस टन उसासाठी आणि रस्त्यावरच्या माणसांसाठी जड वाटतो.

कायदा आपल्याकडंही आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११३. नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा जास्त भरलेलं वाहन किंवा ट्रेलर चालवायचा नाही, चालवायला लावायचा नाही आणि चालवू द्यायचा नाही. कलम १९४ प्रमाणं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू द्यायची नाही. 'चालवायला लावणारा' हे शब्द नीट वाचा. ते फक्त ड्रायव्हरसाठी लिहिलेले नाहीत.

आणि पुरावा शोधायला कुणाला रात्री रस्त्यावर उभं राहायची गरजच नाही. प्रत्येक गाडी कारखान्याच्या काट्यावर जाते. भरलेलं वजन, रिकामं वजन, वेळ, गाडी नंबर, सगळं पावतीवर छापून येतं. इतका स्वच्छ पुरावा दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळतो? तो कारखान्याच्याच संगणकात आहे. कारखाना त्याच आकड्यावर भाडं देतो. मग 'आम्हाला माहीत नव्हतं' हे कसं चालेल?

इथं कुणीतरी म्हणणार, 'भाऊ, तुम्ही ट्रॅक्टरवाल्याच्या पोटावर उठलाय.' उलट आहे. ट्रॅक्टरवाला हौसेनं जादा भरत नाही. त्याला भाडं टनावर आहे. ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर आहे. टोळीला दिलेली उचल अडकलेली आहे, मुकादमानं बुडवली तर सगळंच गेलं. कारखान्याच्या यार्डात रांगेत दिवस-रात्र जाते, खेपा कमी होतात. मग जी खेप मिळते तिच्यात जेवढं बसेल तेवढं भरायचं. ही त्याची मस्ती नाही, दराची रचनाच त्याला तिकडं ढकलते. आणि ट्रॅक्टर उलटला तर सगळ्यात आधी त्याखाली तोच सापडतो. गुन्हा दाखल होतो तोही त्याच्यावरच.

दुसरा मुद्दा येईल, 'कमी भरलं तर वाहतूक महागेल, शेतकऱ्याच्या बिलातून कापतील.' तोडणी-वाहतूक शेतकऱ्याच्याच पैशातून जाते हे खरं. थोडा खर्च वाढेल, तेही खरं. पण रांगेत उभ्या ट्रॅक्टरचा वाया जाणारा वेळ वाचवला तर त्यातलं बरंच भरून निघेल. आणि ज्या रस्त्यावरून ऊस जातो त्याच रस्त्यावरून त्याच शेतकऱ्याचं पोर शाळेला जातं, हे कुठल्या बिलात धरायचं?

म्हणून मागण्या साध्या आहेत :

१. काट्याच्या संगणकात प्रत्येक ट्रॉलीचं नोंदणीचं वजन भरा. जादा उसाचे पैसे शेतकऱ्याला पूर्ण द्या, पण जादा वजनावर वाहतूक भाडं देऊ नका. जादा भरण्यातला फायदा संपला की जादा भरणं आपोआप थांबेल.

२. त्याच वेळी वाहतूक दर कायदेशीर वजनावर परवडेल असा वाढवा. एक केलं आणि दुसरं नाही, तर तो ट्रॅक्टरवाल्यावर अन्याय होईल.

३. यार्डात टोकन पद्धत आणा आणि गाडी ठरलेल्या वेळेत खाली करा.

४. ट्रॉलीला चालू ब्रेक आणि हुकाला सुरक्षा साखळी असल्याशिवाय करार करू नका. उचल देता तशी ब्रेकसाठीही रक्कम द्या, हंगामात भाड्यातून कापून घ्या.

५. मोठ्या उताराच्या रस्त्यावर एका वेळी एकच ट्रॉली.

राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करतात. प्रत्येकाला साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. परवाना देताना काट्याच्या नोंदी परिवहन विभागाला द्यायची अट घालायला किती कागद लागतो? एक पान. ते पान निघत नाही, कारण कारखान्याला, परवाना देणाऱ्याला आणि निवडून येणाऱ्याला सगळ्यांनाच ऊस वेळेत गेटवर पाहिजे असतो.

कारखान्याच्या सभासदांनो, येत्या वार्षिक सभेत साखर उताऱ्याबरोबर हाही प्रश्न विचारा : गेल्या हंगामात काट्यावर आलेल्या किती गाड्या नोंदणीच्या वजनापेक्षा जास्त होत्या? आकडा त्यांच्याकडं आहे. मागा. दिला नाही तर इतिवृत्तात नोंद करायला लावा.