कंपवात आणि बुद्धीच्या वाटा

कंपवात म्हटला कीं थरथरणारा हात डोळ्यांपुढें उभा राहतो. घरांतील वडील माणसाच्या हातांतला चहाचा पेला हिंदकळूं लागला म्हणजे मंडळी डॉक्टरांकडे धांव घेतात. पण त्याच माणसाचें बोलणें मध्येंच खुंटलें, नित्याचा जमाखर्च जुळेनासा झाला, तर ‘वय झालें’, ‘हट्टी झाले’ असा शेरा मारून मोकळी होतात. हा शेरा पुष्कळदां अन्यायाचा असतो. तो कां, हें आज आम्हांस सांगावयाचें आहे.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं या रोगावर निबंध लिहिला. त्यांत इंद्रियें व बुद्धि शाबूत राहतात, असें त्यांनीं नमूद केलें होतें. आज तें मत तसेंच स्वीकारतां येत नाहीं. या रोगांत मेंदूच्या तळाकडील एका काळसर भागांतल्या पेशी क्षीण होतात व डोपामीन नांवाचें द्रव्य कमी पडतें. त्या द्रव्याच्या बळावर चालणाऱ्या वाटांपैकीं कांहीं हालचालीच्या केंद्रांकडे जातात. कांहीं कपाळामागील भागाकडे जातात. बेत आंखणें, लक्ष टिकविणें, एका विचारावरून दुसऱ्यावर वळणें हीं तेथलीं कामें. म्हणून पाऊल अडखळतें तसा विचारही अडखळतो. पुढें इतर द्रव्यांचीही उणीव भासूं लागते व कांहीं रुग्णांना स्मृतिभ्रंश होतो. सर्वांनाच तो होतो असें मात्र नाहीं.

नवी मुंबईच्या वाचकांस याची कल्पना सहज येईल. सिडकोनें हें शहर एकाच पेठेभोंवतीं वसविलें नाहीं. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर असे ‘नोड’ मांडून ते रस्त्यांनीं व लोहमार्गानें जोडले. वाशीचा खाडीपूल तुंबला तर इमारती जागच्या जागीं असूनही कचेऱ्यांचीं कामें खोळंबतात. कोणी ऐरोलीच्या पुलानें वळसा घेऊन पोंचतो, पण उशिरा. मेंदूच्या केंद्रांनाही शास्त्रज्ञ नोडच म्हणतात! माणूस स्वस्थ पडला असतांही मेंदूंतील दूरदूरचे भाग एका लयीनें काम करीत असतात, हें भरत बिस्वाल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९५ सालीं अमेरिकेंत दाखविलें. हा मेळ चुंबकीय प्रतिमांवरून मोजतां येतो. बुद्धि मंदावलेल्या कंपवाताच्या रुग्णांत तो बदललेला आढळतो. तथापि ही मोजणी अद्याप मुख्यतः संशोधनाची बाब आहे. एखाद्याचें भवितव्य तीवरून सांगतां येत नाहीं; तिच्यापायीं कोणीं पैसे दवडूं नयेत.

मग घरच्यांनीं काय करावें? पूल अरुंद झाला असतां एका वेळीं थोडीच वाहनें सोडावीं, हाच न्याय येथेंही लागू पडतो. चालत्या माणसास प्रश्न विचारूं नये. काम सांगावें तें एकेक पायरीनें. उत्तरासाठीं थांबावें, त्यांचें वाक्य आपण पुरें करूं नये. नांव आठवत नसेल तर खूण द्यावी. आठवण पुष्कळदां नाहींशी झालेली नसते, ती वर काढण्यास आधार हवा असतो. नसलेलीं माणसें दिसूं लागलीं, तर तें न लपवितां डॉक्टरांस सांगावें. चालू औषध आपमतानें एकदम थांबविणें धोक्याचें आहे. झोंपेच्या किंवा सर्दीच्या गोळ्याही विचारल्याशिवाय देऊं नयेत, कारण त्यांतल्या कित्येकांनीं बुद्धीचा गोंधळ वाढतो.

शुश्रूषेचा भार बहुधा पत्नीवर किंवा सुनेवर पडतो. तिनें एकटीनें तो वाहावा अशी अपेक्षा करणें योग्य नव्हे. मुंबईंत २००१ सालीं स्थापन झालेली ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’ आणि पुण्याचें ‘पार्किन्सन्स मित्रमंडळ’ रुग्णांना व कुटुंबीयांना एकत्र आणतात. आजार झांकून ठेवण्यापेक्षां तेथें जाणें शतपटीनें बरें.

शेवटीं एकच विनंती. पैशाअडक्याचे, कागदपत्रांचे निर्णय लवकर व रुग्णाच्या विचारानेंच घ्यावेत. उत्तर यावयास उशीर लागला, म्हणून त्याला मतच नाहीं असें समजूं नये. ज्यांनीं आजवर घर चालविलें, त्यांच्यासाठीं दोन मिनिटें थांबणें कोणत्याही कुटुंबास जड जाऊं नये.