मुंबईची लाईन कशाने गेली, ते रामाकोन्यालाही कळू द्या

प्रति,
मा. श्री. मनोहर लाल,
केंद्रीय ऊर्जामंत्री, नवी दिल्ली

12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईत वीज गेली. लोकल रुळांवर थांबल्या, कोरोनाचे रुग्ण असलेली इस्पितळे जनरेटरवर गेली. हे आपल्याला ठाऊक आहे. पुढचे मात्र आम्हाला कुणी धड सांगत नाही.

1 मार्च 2021 ला महाराष्ट्राचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाचा प्राथमिक अहवाल पुढे ठेवला. वीज मंडळाच्या यंत्रणेत 14 ट्रोजन हॉर्स म्हणजे छुपे घुसखोर प्रोग्राम, परदेशी सर्व्हरवरून आला असावा असा 8 जीबी बेहिशेबी डेटा, काळ्या यादीतल्या पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न. दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मुंबईत मानवी चूक झाली. ग्रिडवर नियंत्रण ठेवणाऱ्या उत्तर आणि दक्षिण विभागाच्या भार प्रेषण केंद्रांवर सायबर हल्ले झाले, हे मात्र त्यांनीच कबूल केले. आपल्याच खात्याच्या निवेदनानुसार केंद्राच्याच सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने 19 नोव्हेंबर 2020 ला शॅडोपॅड या मालवेअरबद्दल कळवले होते, आणि 12 फेब्रुवारी 2021 ला आणखी एक इशारा आला. रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीने तर वीजक्षेत्रातल्या 10 संस्था लक्ष्य झाल्याचे लिहिले. पाचपैकी चार विभागीय भार प्रेषण केंद्रे त्यात होती.

मग ते 14 ट्रोजन आले कुठून? 8 जीबीत होते काय? चूक मानवी असेल तर ती कुठल्या खुर्चीवर झाली? एक सरकार घातपात म्हणते, दुसरे चूक म्हणते, आणि दोन्ही उत्तरांचा मेळ जनतेसमोर आजवर कुणी घातलेला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 एफ देशाच्या सुरक्षेला धोका पोहोचवण्याच्या हेतूने संगणकाच्या वाटेने जीवनावश्यक पुरवठा तोडण्याला दहशतवाद म्हणते आणि जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगते. इतक्या जड आरोपाची वासलात दोन दिवसांच्या दोन निवेदनांत लागते?

मुंबईशी मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यातल्या आमच्या रामाकोन्याचा काय संबंध, असे कुणी विचारील. साहेब, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र एकाच पश्चिम विभागाच्या ग्रिडवर आहेत. जबलपूरच्या राज्य भार प्रेषण केंद्राच्या संगणकांत कुणी शिरले तर कन्हानकाठचे मोटरपंप बंद पडतील. संत्र्याच्या बागा आणि रब्बीचा हरभरा तेवढ्यावर आहेत. त्यात आता स्मार्ट मीटर. देशभर 25 कोटी बसवायचे ठरले आहेत आणि प्रत्येक मीटर दुरून तोडता येतो. बिल थकले की कंपनी तोडेल, हे समजते. तीच कळ परक्याच्या हाती गेली तर काय, याचे उत्तर मीटरसोबत येत नाही.

गुप्तता हवी, असे सांगितले जाते. पण 23 डिसेंबर 2015 ला युक्रेनमध्ये हॅकरांनी ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरून ब्रेकर उघडले, सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. तीन महिन्यांत त्या हल्ल्याची तांत्रिक चिरफाड जगभरच्या अभियंत्यांना वाचायला मिळाली. कुलूप कसे तुटले हे शेजाऱ्यांना कळले म्हणून चोराचे फावत नाही. चोराला ते आधीच ठाऊक असते. अंधारात आम्ही आहोत.

म्हणून मागणी एवढीच. 12 ऑक्टोबर 2020 बद्दल केंद्राचे निष्कर्ष आणि महाराष्ट्राच्या सायबर विभागाचे निष्कर्ष एकत्र, एका दस्तऐवजात, संसदेत ठेवा. दोघांपैकी कोण चुकले ते नाव घेऊन लिहा. आणि स्मार्ट मीटरची तोडजोड करणाऱ्या यंत्रणेची तपासणी कुणी केली, केव्हा केली, हे आमच्या दारावर मीटर लावण्याआधी मराठीत आणि हिंदीत छापून द्या.

एक वीजग्राहक,
रामाकोना, जि. पांढुर्णा