एक हजार फुटांचा भरवसा

14 जुलै 2014 रोजी पूर्व युक्रेनवर लष्कराचे एक अँटोनोव्ह-26 वाहतूक विमान पाडले गेले. त्याच दिवशी युक्रेनने तिथले आकाश फ्लाइट लेव्हल 320 पर्यंत नागरी विमानांना बंद केले. तीन दिवसांनी ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेले एमएच 17 हे प्रवासी विमान फ्लाइट लेव्हल 330 वर तिथून चालले होते. बंद हद्दीच्या एक हजार फूट वर, म्हणजे सारे नियमात. ज्या बुक क्षेपणास्त्राने ते पाडले, त्याचा उभा पल्ला मात्र त्या उंचीच्या जवळपास दुप्पट. 298 माणसे गेली.

डच सेफ्टी बोर्डाच्या अहवालानुसार त्या दिवशी आकाश पूर्ण बंद होईपर्यंत 160 विमाने त्या भागावरून गेली होती. एमएच 17 पडले तेव्हा एअर इंडियाचे एक ड्रीमलायनरही फार दूर नव्हते. डिस्पॅचच्या टेबलावर रात्रपाळी काढलेल्या कुणालाही यामागचा विचार ओळखीचा वाटेल: बाकीचे जाताहेत ना, मग आपणही जाऊ. दुसऱ्या कंपनीने रूट कायम ठेवला म्हणजे तिने धोका तपासला असणार, असे आपण धरून चालतो. तीही आपल्याकडे बघून तेच धरून चालते.

आकाश बंद करणे हे त्या त्या देशाचे काम, हे कागदावर बरोबर आहे. पण आकाश बंद करायचे म्हणजे आपल्या भूमीवर आपला ताबा उरला नाही, हे जगापुढे मान्य करायचे आणि वर ओव्हरफ्लाइटच्या उत्पन्नावर पाणी सोडायचे. 8 जानेवारी 2020 च्या पहाटे इराणने इराकमधल्या अमेरिकी सैन्याच्या तळांवर क्षेपणास्त्रे डागली. अमेरिकेच्या एफएएने काही तासांतच आपल्या कंपन्यांना तिथून उडायला मनाई केली. तेहरानचा विमानतळ मात्र चालूच होता. सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी उड्डाण केलेल्या पीएस 752 या प्रवासी विमानावर काही मिनिटांतच दोन क्षेपणास्त्रे सोडली गेली आणि 176 जण ठार झाले. रडारची दिशा शंभराहून अधिक अंशांनी चुकलेली होती, असे इराणच्याच तपासात पुढे आले.

हे तिकडेच होते असे समजू नये. 27 फेब्रुवारी 2019 रोजी बडगामजवळ आपल्या हवाई दलाच्या क्षेपणास्त्राने आपलेच एमआय-17 पाडले. हेलिकॉप्टरमधले सहा आणि जमिनीवरचा एक जण गेला. स्वतःचा तळ, स्वतःची माणसे, तरी ओळख चुकली. मग परक्या देशातल्या, रात्रभर जागलेल्या क्षेपणास्त्र बॅटरीपुढे आपल्या ट्रान्सपॉन्डरच्या चार आकड्यांवर किती विसंबायचे? त्यात जीपीएसमधल्या गडबडीची भर. अमृतसर-जम्मू पट्ट्यात नोव्हेंबर 2023 ते फेब्रुवारी 2025 या काळात अशा गडबडीच्या 465 घटना झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले आहे.

13 जून 2025 रोजी लंडन आणि न्यूयॉर्ककडे निघालेली एअर इंडियाची विमाने मुंबईला परत फिरली. प्रवासी वैतागले असतील, इंधन वाया गेले. आमच्या मते ते काम चोख झाले. पण त्या दिवशी इराणचे आकाश बंदच झाले होते. निर्णय घेणाऱ्यापुढे पर्याय नव्हता. खरी कसोटी लागते ती आकाश उघडे असताना, वळसा घालायचा तर पेलोड कमी करावे लागत असताना आणि सकाळच्या बैठकीत जादा इंधनाचा हिशेब द्यायचा असताना. इकाओची 10084 क्रमांकाची पुस्तिका अशा वेळी धोका कसा जोखावा ते सांगते. बऱ्याच ठिकाणी ती ऑडिटच्या दिवशी कपाटातून निघते.

आमची मागणी साधी आहे. संघर्षक्षेत्राच्या कारणावरून डिस्पॅचरने किंवा कमांडरने दिलेला नकार कंपनीच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये लेखी संरक्षित असावा आणि त्यापायी झालेला इंधनखर्च त्याच्या नावावर पडू नये. दुसरे, रात्री दोन वाजता हवाई दलाकडे विचारणा करायची तर फोन कुणाला लावायचा, हे ड्यूटीवरच्या माणसाला ठाऊक हवे. हे वाचताना तो नंबर तुमच्या टेबलावर आहे का, एकदा पाहून घ्या.

न गेलेल्या विमानांची नोंद आपल्याकडे कुठे होत नाही. पुढच्या अंकापासून एक पान त्यासाठी ठेवत आहोत. ज्यांनी कधी ‘या रूटने नको’ म्हटले, त्यांनी ते का म्हटले आणि पुढे त्यांचे काय झाले, हे लिहून पाठवावे. नाव छापले जाणार नाही, कंपनीचेही नाही.