पाठभेदांचे इंजिन

मराठी समीक्षेला यंत्राचे वावडे नाही; वावडे आहे ते यंत्राच्या तपशिलाचे. मर्ढेकरांच्या कवितेतील यंत्रप्रतिमांवर आपण कितीतरी तास शिकवले, कितीतरी उत्तरपत्रिका तपासल्या. त्या चर्चेत यंत्र बहुधा एकाच कामाला येते : ते माणसाला चिरडते. ते कसे चालते, कोणी जुळवले, त्यात मागाहून कोणी हात घातला, हे विचारण्याची वेळ येत नाही. प्रस्तुत लेखात मी एका मोटारीविषयी आणि तिच्या इंजिनात हात घालणाऱ्यांविषयी लिहिणार आहे. साहित्याच्या व्यासपीठावर हे कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. माझे म्हणणे असे की या कामाला जो शब्द हवा आहे तो मोटारीच्या दुनियेत नाही, तो आपल्याकडे आहे. तो शब्द म्हणजे ‘संपादन’. आणि तो तिथवर न पोहोचल्यामुळे या धंद्यात पुष्कळ वाईट संपादन राजरोस चालले आहे.

मोटार आहे अबार्थ पुंटो. ज्या रांजणगावला आपण महागणपतीच्या दर्शनाला जातो, तिथल्या फियाटच्या कारखान्यात ती बनत असे. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती बाजारात आली. दिसायला चारचौघींसारखी पाच दारांची घरगुती गाडी. आत मात्र १,३६८ घनसेंटिमीटरचे ‘टी-जेट’ टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, आणि शोरूमची किंमत दहा लाखांच्या किंचित आत. अशा गाड्यांना ‘हॉट हॅचबॅक’ म्हणतात. १९७६ साली विक्रीला आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने हा प्रकार रुजवला. कंपनीने तिच्या अवघ्या ५,००० गाड्यांची योजना आखली होती, खपल्या लाखोंनी. सकाळी मुलांना शाळेत सोडायचे आणि रविवारी ताम्हिणी घाट गाठायचा, अशी दुहेरी वृत्ती हे या गाड्यांचे लक्षण.

आता खरा मुद्दा. हेच टी-जेट इंजिन फियाटने भारतात याआधी लिनिया या गाडीत दिले होते. तिथे ते ११४ अश्वशक्तीचे होते. युरोपात अबार्थच्या छोट्या गाड्यांत ते १८० च्या घरात पोहोचले. काही आवृत्त्यांत टर्बो निराळा, काहींत धुराड्याची वाट निराळी, आणि प्रत्येकीत संगणकातली कोष्टके निराळी. मग या इंजिनाचा ‘मूळ पाठ’ कोणता? लिनियाचा, रांजणगावच्या पुंटोचा, की तुरीनचा? महाभारताच्या हस्तलिखितांपुढे बसणाऱ्याला हा प्रश्न ओळखीचा वाटेल.

दोन भारतीय आवृत्त्यांची तुलना तर मोठी उद्‌बोधक आहे. लिनियाचा टॉर्क, म्हणजे चाकाला पीळ देणारे बल, २०७ न्यूटन मीटर; अबार्थ पुंटोचा २१२. फरक अवघा पाचाचा. अश्वशक्तीत मात्र एकतीसचा. हे कसे? अश्वशक्ती म्हणजे टॉर्क आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार. पुंटोच्या संपादकाने पीळ फारसा वाढवला नाही; तो वरच्या फेऱ्यांतही ढासळू नये एवढी व्यवस्था केली. ओरडणे वाढवले नाही, दम वाढवला. जाहिरातीत हे सांगता येत नाही, म्हणून तिथे फक्त १४५ हा आकडा छापला गेला.

टर्बोचे कार्य सोपे आहे. सिलिंडरमधून बाहेर पडणारा तप्त धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून आत कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. पण किती दाबायची, ठिणगी नेमकी केव्हा पाडायची, पेट्रोल किती सोडायचे, हे इंजिनाचा संगणक, ज्याला सारे ‘ईसीयू’ म्हणतात, तो ठरवतो. त्याच्या पोटात कोष्टकेच कोष्टके असतात : एका बाजूला फेऱ्या, दुसऱ्या बाजूला भार, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. आधुनिक गाडीत पायाखालचे पेडल इंजिनाला थेट जोडलेले नसते. पेडलची स्थिती आधी एका कोष्टकात वाचली जाते आणि तिचे मागितलेल्या टॉर्कमध्ये रूपांतर होते. बॉश कंपनीच्या जर्मन कागदपत्रांत याला ‘चालकाची इच्छा’ असेच नाव आहे. म्हणजे आपली इच्छासुद्धा कोणीतरी आधी संपादित करून ठेवलेली असते. (स्वस्तातले ट्यूनर पुष्कळदा एवढेच कोष्टक बदलतात. पाय जरा टेकला की गाडी उसळते, गिऱ्हाईक म्हणते ‘काय पिकअप आला!’, आणि इंजिनाची ताकद मात्र होती तेवढीच.)

या कोष्टकांत कंपनी मुद्दाम सैल जागा ठेवते. तीच गाडी नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी चालली पाहिजे आणि लेहच्या विरळ हवेतही. पेट्रोल कुठल्याही पंपावरचे पडणार. तेल बदलायला मालक विसरणार. आणि वॉरंटीचा खर्च कंपनीच्या माथी. म्हणून तो पाठ सर्वांत दुबळ्या परिस्थितीला धरून सिद्ध केलेला असतो. शालेय आवृत्तीसारखा. जिला काटेकोर देखभाल आणि चांगले पेट्रोल मिळते अशा एका विशिष्ट गाडीसाठी त्यातली काही सैल जागा वापरता येते, आणि ट्यूनर २० ते ३० टक्के वाढीची जी भाषा करतात ती इथून येते. ही भाषा अगदीच खोटी नाही.

प्रश्न आहे ही वाढ कोणत्या रीतीने मिळवली याचा. पुण्यातच, भांडारकर संस्थेत, १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला शिस्त लावली आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले. एक हजारावर हस्तलिखिते तपासली गेली. त्या आवृत्तीशी कोणाचे कितीही मतभेद असोत, तिची एक रीत निर्विवाद आहे : जे वगळले ते फेकून दिले नाही. नाकारलेला प्रत्येक महत्त्वाचा पाठ पानाच्या तळाशी किंवा परिशिष्टात आहे. संपादक काय करतो आहे ते वाचकाला पडताळता येते, आणि पटले नाही तर उलटवताही येते.

चांगला ट्यूनर नेमके हेच करतो. तो आधी गाडीतला मूळ पाठ उतरवून घेतो. मग गाडी डायनोवर किंवा रिकाम्या रस्त्यावर चालवून लॉग घेतो : किती दाब मागितला, किती मिळाला, ठिणगीची वेळ संगणकाने किती वेळा मागे ओढली. ही शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. दाब आणि उष्णता हद्दीबाहेर गेली की ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण आपोआप भडकते. याला मेकॅनिक ‘नॉकिंग’ म्हणतात. ते सतत होत राहिले तर पिस्टन फुटतो. इंजिनावरचा सेन्सर हे ऐकतो आणि संगणक ठिणगी उशिरा पाडू लागतो. म्हणजे संपादकाने चुकीचा पाठ स्वीकारला की संहिता स्वतःच कुरकुरते, आणि ती कुरकुर आकड्यांत वाचता येते. आमच्या क्षेत्रात ही सोय असती तर किती ‘संपादित’ ग्रंथावल्या छापखान्यातून परत आल्या असत्या! असो. चांगला ट्यूनर ही कुरकुर वाचतो, चार चौकटी बदलतो, पुन्हा लॉग घेतो. वाईट ट्यूनर कुठूनतरी तयार फाइल मिळवतो आणि त्या जातीच्या प्रत्येक गाडीत ओततो. एका लग्नातली मंगलाष्टके नावे बदलून दुसऱ्या लग्नात म्हणावीत तसे. गिऱ्हाइकाला फाइल मिळते, तळटीप मिळत नाही; काय बदलले हे विचारले तर ‘आमचे सीक्रेट आहे’ असे उत्तर येते.

आता प्रक्षेपांविषयी. सध्या ज्याची चलती आहे तो ‘पॉप्स अँड बँग्ज’ नावाचा प्रकार घ्या. चालकाने पाय काढला की एरवी पेट्रोल बंद होते. इथे मुद्दाम पेट्रोल चालू ठेवतात, ठिणगी फार उशिरा पाडतात, आणि ते पेट्रोल सिलिंडरबाहेर धुराच्या नळीत पेटते. फटाके फुटल्यासारखा आवाज. गाडी यामुळे तसूभरही वेगवान होत नाही. हा शुद्ध प्रक्षेप आहे, कीर्तनकाराने टाळ्यांसाठी घुसडलेल्या ओवीसारखा. फक्त त्या ओवीने कोणाची रात्रीची झोप मोडत नसे.

याहून गंभीर आहे तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याचा उद्योग. प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या धातूंचा लेप दिलेली ही मधाच्या पोळ्यासारखी जाळी धुरातला कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे रूपांतर करते. ती काढली की धुराची वाट मोकळी होते, टर्बो लवकर जागा होतो. जाळीच्या पलीकडे बसवलेला दुसरा ऑक्सिजन सेन्सर मात्र तक्रार करतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. मग ट्यूनर काय करतो? फाइलीतून ती तक्रारच पुसतो. दिवा विझतो. माझ्या दृष्टीने ट्यूनिंग आणि पाठभ्रष्टता यांच्यातली सीमारेषा इथे आहे. ठिणगीची वेळ बदलणे हा अन्वयाचा भाग आहे. साक्षीदाराचे तोंड बंद करणे हा नाही. हवालदाराला बदललेला सायलेन्सर दिसतो, पुसलेली ओळ दिसत नाही. पीयूसीची नळीही उभ्या गाडीच्या धुराड्यात घालतात. घाटात, भाराखाली ते इंजिन काय ओकते ते तिला कळत नाही.

यावर कंपन्यांच्या बाजूने एक सोज्ज्वळ उत्तर असते : मूळ पाठाला हातच लावू नका, तो अभियंत्यांनी सिद्ध केलेला आहे. हे उत्तर मला मान्य नाही. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जाहीर केले की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतला संगणक चाचणी चालू आहे हे ओळखतो आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवतो. कंपनीने मग जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर असल्याचे मान्य केले. दिवा विझवण्याचीच युक्ती, पण अधिकृत शिक्क्याची. तेव्हा लेखकाच्या सहीवर पाठाचे पावित्र्य ठरत नाही, हे आपण साहित्यात शिकलो ते इथेही लागू आहे.

शिवाय अबार्थ हे नाव मुळात कोणाचे? व्हिएन्नात जन्मलेल्या कार्लो अबार्थने १९४९ मध्ये इटलीत कंपनी काढली आणि फियाटच्या साध्या गाड्यांना सायलेन्सरपासून कार्ब्युरेटरपर्यंत नवे भाग देऊन त्यांची ताकद वाढवली. तो हे भाग लाकडी पेटीत घालून विकत असे. ‘रूपांतराची पेटी’ असे तिचे नाव. १९७१ मध्ये फियाटने ती कंपनीच विकत घेतली. रांजणगावच्या गाडीवर जो विंचू विराजमान होता तो एका ट्यूनरच्या राशीचा. कंपनीने स्वीकारलेला पाठभेद मूळ पाठ ठरतो आणि इतरांचा बेकायदा, असा हा इतिहास आहे.

दुसऱ्या टोकाला मालकाचे म्हणणे : गाडी माझी, मी काहीही करीन. कायदा हे मानत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आली. माझा आक्षेप कायद्याच्या कडकपणाला नाही, त्याच्या ढोबळपणाला आहे. लॉग घेऊन, जाळी शाबूत ठेवून केलेले काम आणि तक्रार पुसून केलेले काम यांत फरक करणारी नजर त्यात नाही. दोघेही चोर. मग चांगले काम करणाराही अंधारातच करतो आणि पावती मागणारे गिऱ्हाईक त्याला नकोसे होते. परवाना, आधीच्या आणि नंतरच्या धुराची भाराखालची तपासणी, बदलांची लेखी नोंद, अशी वाट काढली तर वाईट संपादक आपोआप उघडे पडतील. गाडी मालकाची असते, हे खरे. धूर त्याचा एकट्याचा नसतो.

आणि जिथे बोलायला हवे तिथे कोणी बोलत नाही, ते म्हणजे ब्रेक. ताशी १०० ऐवजी १२० च्या वेगाने जाणारी गाडी थांबवायला ४४ टक्के अधिक ऊर्जा शोषावी लागते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. पैसे मर्यादित असतील तर पहिला खर्च टायर आणि ब्रेक पॅडवर, मग क्लचप्लेटवर, आणि फाइलीवर सर्वांत शेवटी, असे जो ट्यूनर सांगतो त्याच्याकडे जावे. तो कमी कमावतो.

आता या गाड्यांपुढे एक नवीच अडचण आहे. देशभरातल्या पेट्रोलमध्ये २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल आले. इथेनॉलमुळे नॉकिंगला आळा बसतो, ही ट्यूनरला मेजवानी. पण तेवढ्याच हवेला ते अधिक लागते, आणि रांजणगावच्या या इंजिनांचा पाठ त्याला धरून रचलेलाच नव्हता. संदर्भ बदलला, संहिता तीच राहिली. फियाटने भारतातला मोटारविक्रीचा गाशा केव्हाच गुंडाळला आहे, तेव्हा सुधारित आवृत्ती कंपनीकडून येणार नाही. ती आली तर पुण्यातल्या, कोइमतूरमधल्या, बेंगळुरूमधल्या एखाद्या गॅरेजातून येईल. अशा गॅरेजांच्या संगणकांत उतरवून घेतलेल्या मूळ फाइली आज विखरून पडल्या आहेत, कुठल्या गाडीची कुठली याची धड नोंद नाही, आणि हार्ड डिस्क भरली की त्याच आधी पुसल्या जातात. त्या एकत्र करून, वर्ष आणि गाडीचा प्रकार लिहून, बदललेल्या चौकटींसह कोणी जपून ठेवल्या तर पुढच्या संपादकाला निदान तळटीप तरी मिळेल.