शिक्का कोणाचा, जबाबदारी कोणाची?

बाजारात आज मालापेक्षा शिक्केच अधिक दिसू लागले आहेत. डब्यावर शिक्का, दुकानाच्या काचेवर शिक्का, संकेतस्थळाच्या तळाशीही शिक्का! ग्राहक तो पाहतो आणि निर्धास्तपणे पैसे मोजतो. परंतु हा शिक्का व्यापाऱ्याच्या मालकीचा नसतो. एखाद्या प्रमाणन संस्थेने शुल्क घेऊन तो परवान्याने वापरावयास दिलेला असतो. ज्याची परीक्षा घ्यावयाची त्याच्याच पैशावर परीक्षकाचा संसार चालत असेल, तर निकाल कितपत कठोर लागणार?

ही शंका काल्पनिक नव्हे. अमेरिकेतील ‘ट्रस्ट-ई’ ही कंपनी संकेतस्थळांना ग्राहकांच्या खासगी माहितीच्या जपणुकीबद्दल शिक्का देत असे. शिक्का मिळालेल्यांची दरवर्षी फेरतपासणी होते, असे ती सांगे. प्रत्यक्षात २००६ ते २०१३ या काळात एक हजाराहून अधिक वेळा ती झालीच नाही, असा ठपका तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये ठेवला. दोन लाख डॉलर भरण्याचे मान्य करून कंपनीने प्रकरण मिटविले. तपासणी चुकली, शिक्का मात्र झळकतच राहिला!

आपल्याकडे ‘आय.एस.आय.’ चिन्हाचा पाया १९५२ च्या कायद्याने घातला. त्या चिन्हाखाली आज परवाना क्रमांक असतो. हॉलमार्क केलेल्या सोन्याच्या दागिन्यावर अक्षरे व अंक मिळून सहा चिन्हांची स्वतंत्र ओळखखूण असते. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर या दोहोंची पडताळणी कोणासही करता येते. ही व्यवस्था निश्चितच स्वागतार्ह आहे. १९९९ चा व्यापारचिन्ह कायदाही, जो स्वतः त्याच प्रकारच्या मालाचा व्यापार करतो त्याच्या नावे प्रमाणनचिन्हाची नोंदणी होऊ देत नाही. न्यायाधीशाने पक्षकार होऊ नये, हेच त्यामागील तत्त्व. मात्र न्यायाधीशाने पक्षकाराच्या शुल्कावर अवलंबून राहण्यास त्या तरतुदीने अटकाव होत नाही.

म्हणूनच आमचे सांगणे असे की, शिक्का देणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती सरकारी असो वा खासगी, परवाना दिल्याचा जितका गाजावाजा करावयाचा तितक्याच ठळकपणे तो काढून घेतल्याचेही जाहीर करावे. आणि मुदत संपलेला शिक्का खाली उतरला की नाही, हे स्वतः जाऊन पाहावे. शिक्क्याबरोबर भाड्याने दिला जातो तो लोकांचा विश्वास. तो संस्थेच्या मालकीचा नव्हे. ग्राहकांनीही केवळ शिक्का पाहून समाधान मानू नये; त्याखालचा क्रमांक वाचावा. न केलेली तपासणी आणि न वाचलेला क्रमांक, या दोहोंच्या आडोशानेच लबाडी सुखाने नांदते.