चाल घ्या, पण नाव सांगा!

यंदाच्या गणेशोत्सवातली गोष्ट. आमच्या गावात मुलांच्या कलागुणांचा कार्यक्रम होता. माझी भाची आठवीत आहे, कीबोर्ड वाजवते. तिनं मोझार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीची धून बसवली होती. कीबोर्डमधलाच तयार ठेका लावलेला, मध्ये ढोलकीचा आवाजही घातलेला. मंडपातल्या बायका टाळ्यांनी ताल धरून ऐकत होत्या. शेवटी प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले. म्हणाले, "मोझार्टला ढोलकी लावणं ही विटंबना आहे. झेपत नसेल तर अशा संगीताच्या वाटेला जाऊ नये."

झालं! त्या दिवसापासून कीबोर्ड पलंगाखाली गेलाय. "मला काही येत नाही गं मावशी," एवढंच ती म्हणते.

मी काही संगीतातली जाणकार नव्हे. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. ज्याची विटंबना झाली म्हणतात, त्या मोझार्टला स्वतःला याबद्दल काय वाटलं असतं? मग शोधून वाचलं, ऐकलं. आणि जे कळलं, ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

आधी हे सांगा, मोझार्ट आपल्या घरात आला कसा? 'टायटन' घड्याळाची जाहिरात आठवते ना? स्वयंपाकघरात पोळ्या लाटतानाही नुसत्या धुनेवरून कळायचं, बाहेर टीव्हीवर कसली जाहिरात लागली आहे ते. ती धून म्हणजे मोझार्टच्या २५ व्या सिम्फनीची सुरुवात. सिम्फनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली, बहुधा चार भागांची रचना. ही त्यानं १७७३ साली लिहिली, तेव्हा त्याचं वय होतं अवघं १७! आणि 'छाया' सिनेमातलं तलत-लताचं ते गोड द्वंद्वगीत? १९६१ साली सलील चौधरींनी त्याला जी चाल दिली, तिचं मूळ आहे मोझार्टची ४० वी सिम्फनी. म्हणजे माझी भाची वाजवत होती तीच. सलीलदांचे वडील आसामातल्या चहाच्या मळ्यांत डॉक्टर होते. तिथेच लहानपणी सलीलदांच्या कानावर पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या पडल्या. मोझार्टवरचं प्रेम त्यांनी कधी लपवलं नाही. गंमत म्हणजे चाल परक्या देशातली असूनही त्या गाण्यात परकं काहीच वाटत नाही. आमच्या आईला ते तोंडपाठ होतं, आणि मोझार्ट हे नावही तिनं कधी ऐकलं नव्हतं.

तिकडे युरोपातही हेच झालं. १९७१ साली वाल्डो दे लॉस रिओस नावाच्या अर्जेंटिनाच्या संगीतकारानं याच ४० व्या सिम्फनीला ड्रम आणि गिटारची जोड देऊन रेकॉर्ड काढली. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी नाकं मुरडली, पण ब्रिटनमध्ये ती रेकॉर्ड पहिल्या दहांत जाऊन बसली.

आता खुद्द मोझार्टकडे येऊ. १७८७ च्या जानेवारीत तो प्राग शहरात गेला होता. आदल्याच वर्षी त्याचा 'फिगारोचं लग्न' हा ऑपेरा, म्हणजे त्यांच्याकडचं संगीत नाटक, व्हिएन्नात रंगमंचावर आला होता. प्रागमधल्या एका नाचाच्या समारंभात तो गेला, तर काय? लोक त्याच्याच ऑपेरातल्या चालींवर नाचत होते! कुणीतरी त्या चालींचं परस्पर नाचाचं संगीत करून टाकलं होतं. मोझार्ट रागावला का? मुळीच नाही. मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं मोठ्या आनंदानं कळवलं, की इथे जो तो फिगारोच वाजवतोय, गातोय, शिटीवर म्हणतोय.

त्यानं स्वतःही दुसऱ्यांच्या रचनांना हात लावलाच की. हँडलचा 'मसाया' हा १७४२ साली पहिल्यांदा सादर झालेला प्रसिद्ध संगीतप्रबंध. १७८९ साली मोझार्टनं त्यात क्लॅरिनेटसारखी नवी वाद्यं घालून तो आपल्या काळाला रुचेल असा करून घेतला. बालवाडीतली मुलं 'ट्विंकल ट्विंकल' म्हणतात ना, ती चाल मोझार्टची आहे असं पुष्कळांना वाटतं. ती मूळ एका फ्रेंच गाण्याची. मोझार्टनं त्या साध्या चालीची पियानोवर १२ रूपं करून दाखवली आणि त्या रचनेच्या नावातच मूळ फ्रेंच गाण्याचं नाव ठेवलं.

मग मोझार्टच्या नावानं काहीही चालतं का? तसं नाही. माझाही एका गोष्टीवर राग आहे, आणि तो आपल्यासारख्या आयांसाठी आहे. १९९३ साली अमेरिकेत ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना मोझार्टची एक रचना दहा मिनिटं ऐकवली गेली. त्यानंतर आकृत्यांची कोडी त्यांना थोडी बरी सुटली. तो परिणामही दहा-पंधरा मिनिटांपुरताच. त्यात एकही बाळ नव्हतं! पण 'मोझार्ट ऐकवा, बाळ हुशार होईल' अशी हवा झाली. मोझार्टचं संगीत खेळण्यांच्या आवाजात मऊ मऊ करून बाळांसाठी कॅसेटी, सीडी निघाल्या. अशा चित्रफितींच्या एका मोठ्या कंपनीला २००९ साली ग्राहकांना पैसे परत देऊ करावे लागले. आईच्या काळजीवर धंदा करणं ही मला खरी विटंबना वाटते. एका मुलीनं हौसेनं घातलेली ढोलकी नव्हे.

दुसरी अट नावाची. आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडून बघा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असं छापून मूळ गाण्याचे शब्द दिलेले असतात. चाल कुठून घेतली हे सांगण्यात नाटककारांना कमीपणा वाटत नसे. आपल्या भजनी मंडळात तरी वेगळं काय? सिनेमाच्या गाण्यावर भक्तिगीत बसवलं, तर सुरुवात करणारी आधी ओरडून सांगते, "अमक्याच्या चालीवर गं!" तेवढं सांगितलं की मूळ गाणंही आठवतं आणि नवंही जमतं. चोरी होते ती नाव गाळल्यावर. जाहिरातीतल्या आणि मोबाइलवरच्या धुनांचं नेमकं हेच चुकतं. आयुष्यभर आपण मोझार्ट ऐकतो, पण ते आपल्याला कुणी सांगत नाही. आणि मग एक दिवस कुणीतरी व्यासपीठावरून ऐकवतं, की हे संगीत तुमच्यासाठी नाही!

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. पाहुण्यांचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. १७८८ च्या उन्हाळ्यात मोझार्टनं पाठोपाठ तीन सिम्फनी लिहिल्या, ३९, ४० आणि ४१. पहिल्या आणि तिसरीत नगारे आहेत, तुताऱ्या आहेत. ४० वीत दोन्ही नाहीत. जी अस्वस्थता त्या संगीतात आहे, ती नगाऱ्याच्या आधाराशिवायच उभी राहते. पाहुण्यांनी एवढंच जर भाचीला सांगितलं असतं, "बाळ, छान वाजवलंस, आता मूळ ऐक, त्यात ठेका का नाही ते शोध," तर ती धावत घरी जाऊन ऐकत बसली असती. ज्याला जास्त कळतं, त्यानं दार उघडायचं की कडी लावायची?

म्हणून परवा मीच तिला जवळ बसवलं. मोबाइलवर मूळ सिम्फनीचा पहिला भाग लावला, आठेक मिनिटांचा. आधी तोंड फुगवून बसली होती. मग म्हणाली, "मावशी, परत पहिल्यापासून लाव." पुन्हा लावला. "अगं, धून लगेच सुरू होत नाही! आधी खाली नुसती गुणगुण चालू होते, मग धून येते. मी ते घेतलंच नव्हतं."

ती गुणगुण व्हायोला या वाद्यांची. मला काही ती ऐकू आली नव्हती, तिला आली. आणि 'काही येत नाही' म्हणणारी हीच मुलगी!

कीबोर्ड अजून पलंगाखालीच आहे. पण काल तिच्या वहीत डोकावले, तर नव्या पानावर लिहिलेलं दिसलं : 'चाल - मोझार्ट, सिम्फनी क्र. ४०'. खाली ढोलकीचे बोल होते, खोडून पुन्हा लिहिलेले.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही असा एखादा कीबोर्ड, एखादी पेटी पलंगाखाली पडली असेल, तर तेवढी बाहेर काढा.