गोलंदाजाची सरासरी कुणाच्या मालकीची?

थंडी पडू लागली की आपल्या वस्त्यांतून टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात, त्या पार जयंतीच्या चषकापर्यंत चालतात. पूर्वी धावफलक वहीत लिहिला जाई आणि सामना संपला की ती वही कुणाच्या तरी पोटमाळ्यावर जाऊन पडे. आता तो मोबाईलवर भरतात. कोणी किती षटके टाकली, किती धावा दिल्या, किती बळी घेतले आणि सरासरी काय पडली, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही दिसते. त्यातून एक वाद निघाला आहे. गोलंदाज मुले म्हणतात, आमची सरासरी आम्हाला दिसू द्या, बाकीच्यांना कशाला? एका सामन्यात मार बसला की आठवडाभर चिडवतात आणि पुढच्या स्पर्धेत बाहेर बसवतात. घरातल्या आयाही मुलांचीच बाजू घेतात. लेकराची फजिती चव्हाट्यावर कशाला मांडायची, असे त्यांचे म्हणणे आहे.

ज्या माताभगिनींना यातले काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गोलंदाजाने दिलेल्या धावांना त्याने घेतलेल्या बळींनी भागले की त्याची सरासरी निघते. हा आकडा जितका लहान तितके चांगले.

माझे मत विचाराल तर खुल्या मैदानात, पंचांसमोर टाकलेल्या चेंडूचा हिशेब झाकू नये. आणि हे मी विशेष करून आपल्या लोकांसाठी म्हणतो.

पळवणकर बाळू यांचे नाव जुन्या पिढीला माहीत आहे, नव्या पिढीला नाही. चांभार समाजात जन्मलेला हा माणूस पुण्यात आधी पारशांच्या आणि मग गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्या-लोटण्याचे काम करी. गोऱ्यांच्या क्लबात पगार महिना चार रुपये. तिथे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. फलंदाजी मात्र त्याला करू देत नसत. ते साहेबांचे काम! पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाने त्याला संघात घेतले, कारण गोऱ्यांना हरवायचे होते. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घेत. चहाच्या वेळी मात्र बाळूला पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. चेंडूला विटाळ होत नव्हता, कपबशीला होत होता.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले, सरासरी 18.84. सगळी कारकीर्द धरली तर प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत 179 बळी आणि सरासरी 15.21. हे आकडे आजही छापील आहेत. परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला, तो या आकड्यांच्या जोरावर.

आता असे समजा की त्या काळी सरासरी खाजगी ठेवायची रीत असती. मग जिमखान्याच्या खोलीत बसलेल्या चार माणसांनी सहज म्हटले असते, बाळू ठीक आहे, पण आमचा अमका तमका अधिक चांगला. त्याला उत्तर कशाने द्यायचे होते? धावफलकाची वही ही त्या मैदानावरची एकच जागा होती जिथे त्यांच्या आणि इतरांच्या नावापुढे एकाच शाईने लिहिले जाई.

आकडा उघडा होता म्हणून न्याय मिळाला, असे मात्र कोणी समजू नये. हिंदू संघाचे कप्तानपद बाळूंना कधीच दिले गेले नाही. परंतु आकडे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे नाकारणाऱ्यांना ‘लायक नाही’ म्हणण्याची सोय राहिली नाही. अन्याय उघडा पडला. 1920 साली त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम निषेध म्हणून संघाबाहेर राहिले, त्यानंतर बाळू उपकप्तान झाले. 1923 साली विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदू संघ जिंकला. (1937 च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले होते, हे ज्येष्ठ मंडळी मला लगेच ऐकवतील. खरे आहे, आणि ते हरले. त्यामुळे 1911 चे बळी कमी होत नाहीत.)

आकडे मांडून बोलायची सवय आपल्याला बाबासाहेबांनीच लावली. 1928 साली सायमन कमिशनला बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे त्यांनी मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाचे निवेदन दिले, ते आकड्यांनिशी. माहिती झाकली की फायदा वशिलेवाल्याचा होतो.

तरीही मुलांची तक्रार पोकळ नाही. टेनिस बॉलच्या सामन्यात एकेकाला दोन षटके मिळतात. समजा चोवीस धावा गेल्या. एक बळी मिळाला तर सरासरी चोवीस, दोन मिळाले तर बारा, आणि एकही नाही मिळाला तर सरासरी काढताच येत नाही. म्हणजे सीमारेषेवर कोणी एक झेल सोडला की गोलंदाजाचा आकडा दुप्पट होतो, आणि झेल सोडणाऱ्याच्या नावापुढे काहीच लिहिले जात नाही! शेवटचे षटक टाकायला नेहमी ज्या पोराला पुढे करतात त्याची सरासरी बिघडणारच. असा आकडा बघून कोणाला संघाबाहेर काढणे हा अडाणीपणा आहे. पण हा दोष वाचणाऱ्याचा. त्यासाठी वही लपवायची गरज नाही.

सरावाचे मात्र वेगळे. नेटमध्ये टाकलेल्या चेंडूंचा हिशेब त्या मुलाचा आणि त्याला शिकवणाऱ्याचा. बारा-तेरा वर्षांच्या पोरापोरींचेही तसेच, त्यांची नावे लावून क्रम लावू नयेत.

आणि एक आकडा असा आहे जो सांगायचे की नाही हे पूर्णपणे आपल्या मुलांच्या हातात असले पाहिजे. 2023 साली मुंबईच्या आयआयटीत एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला आणि देशभर चर्चा झाली. त्याच वर्षी त्या संस्थेने विद्यार्थ्यांना सूचना काढली की एकमेकांना प्रवेश परीक्षेतील क्रमांक विचारू नये, कारण त्यातून जात कळू शकते. ज्यांची मुले अशा कॉलेजात गेली त्यांना हे समजावून सांगायला नको. “रँक किती?” या प्रश्नाच्या पोटात “कोट्यातून आलास का?” हा प्रश्न असतो. तिथे विचारणाऱ्याला गणिताची आवड नसते.

गोलंदाजाची सरासरी त्याने काय केले ते सांगते. वसतिगृहात पहिल्या दिवशी विचारलेला क्रमांक तो कोणाच्या पोटी जन्मला ते शोधत असतो. म्हणून पहिला उघडा राहावा आणि दुसरा विचारला तर मुलाने खुशाल गप्प बसावे. घरच्यांनीही त्याला तसे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे गप्प बसल्यावर त्याला आपण काही लपवले असे वाटणार नाही.

राहिले मंडळांचे. स्पर्धा भरवणाऱ्या तरुणांना एक सुचवतो. स्पर्धेच्या शेवटी उत्कृष्ट गोलंदाज ठरवताना किती चेंडू टाकले हेही फलकावर लिहा, आणि किमान अमुक चेंडू टाकल्याशिवाय कोणाची सरासरी लावू नका. वहीत सुटलेल्या झेलांचा एक रकाना वाढवा, सोडणाऱ्याच्या नावासकट. फलंदाज मंडळी कुरकुर करतील, करू द्या.